बाघ नदीच्या अल्याड-पल्याड

गोंदियात उतरल्यावर पहिलं प्रेक्षणीय स्थळ शोधायला लगेच ऑटो करू नका. तुम्ही ज्या फलाटावर उभे आहात, तेच ते. या शहराला राजवाडा नाही, वेस नाही. गावाचा सगळा इतिहास रुळांवरून आला, त्यामुळे सुरुवात फलाटावरच करायची. बॅग खाली ठेवा. साल १९०५.

नागपूरहून बंगाल नागपूर रेल्वेच्या मोठ्या गाडीनं तुम्ही आलात. तिच्या रुळांतलं अंतर साडेपाच फूट. पलीकडे अडीच फुटांच्या रुळांवर एक बुटकी गाडी धूर ओकत उभी आहे. ती सातपुड्यात शिरते आणि बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाते. दोन वर्षांपूर्वी ती नैनपूरपर्यंत पोचली होती, यंदा तिनं जबलपूर गाठलं. छोटी लाईन म्हणतात तिला. छोट्या डब्यातला माल मोठ्या डब्यात थेट ढकलता येत नाही, म्हणून सातपुड्यातून आलेलं प्रत्येक पोतं इथं माणसाच्या पाठीवर चढतं. तुम्ही नेमके त्या माणसांच्या वाटेत उभे आहात. "सरक गा बाजूला!" एक हमाल ओरडतो. त्याच्या हातातल्या लोखंडी आकड्यानं पोत्याला भोक पडलंय आणि त्याच्या मागे फलाटावर धानाची बारीक रेघ उमटत चालली आहे. दोन बायका ती रेघ मन लावून सुपात गोळा करतात. मुकादमाला ते दिसतं, पण तो काही बोलत नाही.

हे दृश्य जरा वेळ बघत राहा, कारण गोंदिया शहराचं गुपित यात आहे. जिथं माल उतरवावाच लागतो तिथं आधी गोदाम येतं, गोदामामागून अडत्या, अडत्यामागून धर्मशाळा, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की धान कांडून तांदूळच का पाठवू नये. राईस मिलचं गाव म्हणून गोंदियाचं जे नाव झालं, त्याच्या मुळाशी इंजिनिअरांनी न जुळवलेल्या दोन रुळांची ही तीन फुटांची तफावत आहे, असं माझं मत आहे. दोन्ही लाइनींची रुंदी पहिल्या दिवसापासून एक असती, तर माल सरळ पुढे गेला असता आणि गाव मागे राहिलं असतं. आता छोटी लाईन गेली, तिच्या जागी मोठे रूळ आले. ती पोती मात्र गावाला त्याचं काम लावून गेली.

आता ऑटो करा आणि बालाघाट रोडनं निघा. वाटेत नागरा लागतं. तिथलं शिवमंदिर दगडी खांबांचं, जुन्या धाटणीचं आहे. महाशिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, एरवी पुजारी आणि कबुतरं. तिथं फार वेळ घालवू नका. तुम्हाला पुढे नदी गाठायची आहे.

बाघ नदी. ही चिचगडच्या डोंगरांत उगवते, उत्तरेकडे वाहत जाते आणि शेवटी वैनगंगेला मिळते. तिच्या बऱ्याच लांबीपर्यंत अलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा आणि पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. पुलावर उभं राहिलं की एका काठाच्या पाट्या मराठीत आणि दुसऱ्या काठाच्या हिंदीत. बाकी काठ सारखेच: तेच धानाचे बांध, तीच पळसाची झाडं, आणि नशीब चांगलं असेल तर दोन्ही काठांवर तीच सारसांची जोडी. महाराष्ट्रात सारस उरला तो जवळपास याच जिल्ह्यात, आणि त्याची गणना करायची तर ती गोंदिया आणि बालाघाट दोन्हीकडे करावी लागते. पक्ष्याला कुठल्या काठावर मोजायचं, हा प्रश्न माणसांचा.

इथंच थांबा. साल १९५६, नोव्हेंबरची पहिली तारीख, सकाळ. धुकं अजून पाण्यावर आहे. काल रात्री झोपलात तेव्हा दोन्ही काठ मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. आज राज्यांची पुनर्रचना झाली. या काठावरचा भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा गोंदिया होतं, विदर्भासकट मुंबई राज्यात गेला. पलीकडचा बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी झाली भोपाळ. उच्च न्यायालय नागपूरहून उठून जबलपूरला गेलं. तुमच्या शेजारी घाटावर एक शेतकरी पाय धुतोय. बांधावरून भावकीशी त्याचं भांडण आहे. शेत पलीकडे, घर अलीकडे. कालपर्यंत त्याचा वकील नागपूरला होता. आजपासून कुठं जायचं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगायचा प्रयत्न केलात तर तो हसतो, धोतराचा काचा मारतो आणि पाण्यात शिरतो. गुडघाभर पाणी आहे. पलीकडे त्याच्या बहिणीचं घर आहे आणि आज तिच्याकडे जेवायला जायचंय.

नदीकाठच्या सीमेचं गाव म्हटलं की युरोपातलं लाउफेनबुर्ग आठवतं. ऱ्हाईनच्या दोन काठांवरचं एकच गाव, ते नेपोलियनच्या काळात मधोमध कापलं गेलं. अर्धं स्वित्झर्लंडचं, अर्धं जर्मनीचं. २००३ साली तिथं नवा पूल बांधताना दोन्ही बाजूंची टोकं ५४ सेंटिमीटरनी वरखाली निघाली. जर्मन समुद्रसपाटी मोजतात उत्तर समुद्रावरून, स्विस मोजतात भूमध्य समुद्रावरून. फरक २७ सेंटिमीटरचा, तो दोघांना ठाऊकही होता, पण अधिकचं चिन्ह उण्याच्या जागी पडलं आणि फरक दुप्पट झाला. बाघेच्या काठी असला गोंधळ झाला नाही. इथं दोन राज्यांनी मिळून बाघ प्रकल्पाची धरणं आणि कालवे केले, आणि पाणी दोन्हीकडे जातं. गोंधळ व्हायचाच असेल तर तो धानाच्या भावात होतो. हमीभाव एक, पण कुठल्या राज्यानं वर किती दिले यावर हिवाळ्यात धानाचे ट्रक कुठल्या दिशेला तोंड करतील ते ठरतं, आणि शेजारच्या छत्तीसगडच्या हद्दीवर तपासणी नाके उभे राहतात.

गोंदियापासून जवळच कामठा आहे. आज साधं खेडं वाटतं. तुम्ही मात्र १८१८ साली पोचा, म्हणजे खेडं दिसणार नाही.

आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरात नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसले हरले. अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी कैद करून अलाहाबादच्या वाटेला लावलं, तर वाटेतूनच मे महिन्यात ते निसटले. ही बातमी वैनगंगेच्या खोऱ्यात पोचली तेव्हा कामठ्याच्या गढीत बसलेल्या चिमणा पटेलानं काय ठरवलं असेल, हे समजायला त्याचा मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागतो. हा जातीनं कुणबी, हुद्द्यानं जमीनदार, आणि त्याच्या जमीनदारीचा पसारा बाघेच्या पलीकडे आजच्या बालाघाट जिल्ह्यातही गेलेला. नागपूरचा राजा कैदेतून सुटलाय आणि नागपूरच्या गादीमागून इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स कारभार हाकतोय. पटेलानं बंडाचा झेंडा लावला.

तुम्ही तटावर आहात. मातीचा तट, बुरुज जाडजूड, आत माणसांची गर्दी. लढणारे आहेत, पण त्यांच्यापेक्षा जास्त आसपासच्या गावांतली माणसं आहेत, आपापल्या बैलांसकट आणि बियाण्याच्या कणग्यांसकट आत आलेली. एक म्हातारा तुमच्याकडे बघतो. "का गा, कोन्या गावचा?" तुम्ही पुणे किंवा मुंबई म्हणाल तर त्याला त्याचा बोध होणार नाही. नागपूर म्हणालात तर तो जरा सरकून बसेल. बाहेर कॅप्टन गॉर्डनची फौज येऊन ठेपली आहे. पुढं काय झालं ते थोडक्यात: गढी पडली, पटेल धरला गेला, आणि कामठ्याची जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. शाळेत आपण सीताबर्डी शिकतो आणि तिथंच धडा संपतो. त्या धड्याचं उरलेलं पान इथं आहे, आणि ते वाचायला गावात कुणी येत नाही.

पुढचा टप्पा दक्षिणेला, नवेगावबांध. हा लांबचा आहे, दिवस काढून जा. बहुतेक लोक इथं राष्ट्रीय उद्यान म्हणून येतात, म्हणजे १९७५ सालानंतरचं नवेगाव बघून परत जातात. तुम्ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जा. त्याच सुमारास, १७०२ साली, देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजानं नागपूर वसवलं. इकडे झाडीपट्टीत मात्र राजापेक्षा पाटील मोठा, आणि पाटलांत मोठा कोहळी समाजाचा कोलू पाटील.

तुमच्या समोर डोंगरांचं कडं आहे. सात शिखरं, लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. मधल्या खिंडीतून पावसाचं पाणी निसटून जातं. ती खिंड बुजवायची, एवढंच काम. एवढंच म्हणायला सोपं. शेकडो माणसं रांगेनं मातीच्या टोपल्या वाहतायत. माती टाकली की तिच्यावरून बैल फिरवतात, खुरांनी ती दबते, मग पुन्हा माती. पाण्याच्या बाजूला दगडांचा थर. चुना नाही, नकाशा नाही. पाणी किती चढेल आणि दाब कुठं बसेल, हे सांगणारा माणूस पारीवर उभा आहे. पार म्हणजे हा मातीचा बांध. तो सारखा पायानं माती दाबून बघतो. त्याच्या हातात काठी आहे, ती मारायला नाही, मातीत खुपसून ओल बघायला.

तुम्हाला तो एक गोष्ट दाखवतो, ती नीट बघा, कारण तलावाचा जीव तिच्यात आहे. पारीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांसारखं एक बांधकाम आहे, त्याला तुडूम म्हणतात. प्रत्येक पायरीला भोक आणि भोकात लाकडाची खुंटी. तलाव भरला की सगळ्यात वरची खुंटी काढायची. वरचं पाणी पारीखालच्या नाल्यातून शेताकडे जातं. पाणी खाली उतरलं की त्याखालची खुंटी, मग त्याखालची. कितीही मोठा तलाव असो, एका वेळी एकाच खुंटीशी झटायचं असतं, आणि खोल पाण्याच्या दाबाशी माणसाला लढावं लागत नाही. जास्तीचं पाणी जाण्यासाठी एका टोकाला सलांग ठेवलेला असतो, तो वाहू लागतो, म्हणून पार वाचते. मी इंजिनिअर नाही, पण हे बघितल्यावर इंजिनिअर ही पदवी कुणाला द्यायची याचा जरा नव्यानं विचार करावासा वाटतो.

तलाव भरल्यावर इथं काय होतं, तेही बघून जा. कोहळ्यांचा ऊस उभा राहतो, गुऱ्हाळं लागतात, आणि धानाला दोन पावसांमधली ओढ सोसते. शेताला पाणी देणारा पाणकर गावचा माणूस, त्याला धान्य मिळतं, आणि कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी गेलं हे तो तोंडपाठ सांगतो. कोलू पाटील पुढं देव झाला. कोलासुर देव म्हणून त्याचं ठाणं तलावाभोवतीच्या एका शिखरावर आहे. राजांची स्मारकं आपण बांधतो. तलाव बांधणाऱ्याला देव करून टाकणारी माणसं मला जास्त हिशेबी वाटतात. देवाची पार कोण फोडणार?

अशी तळी आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, भंडारा-गोंदियात हजारोंनी आहेत. गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांचे हक्क गेले तेव्हा, १९५०च्या कायद्यानंतर, ती सरकारकडे आली. कागदोपत्री त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, त्याचं झालं 'मामा तलाव'. नाव गोड, अवस्था नाही. बऱ्याच तळ्यांत गाळ साचला, बेशरम माजली आणि तुडूम बुजले. काही ठिकाणी ढिवर समाजाच्या मासेमारी संस्था आणि गावं मिळून पुन्हा गाळ काढतायत, जुन्या पाणवनस्पती लावतायत, आणि हरवलेले मासे आणि पक्षी तिथं परत येतायत. वाटेत असं तळं दिसलं तर गाडी थांबवा. तुडूम कुठं आहे म्हणून विचारा, विचारणारा माणूस दिसला की गावातली म्हातारी माणसं खुलतात.

आता पूर्वेला वळा. आमगाव, सालेकसा, आणि रेल्वे डोंगरात शिरते तिथं दरेकसा. जवळच हाजरा धबधबा आहे, पावसाळ्यात जा, उन्हाळ्यात कडाच बघायला मिळेल. पण तुम्ही धबधब्याला पाठ करा आणि १८८१ साली बोगद्याच्या तोंडाशी या.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ सरकारला एक गोष्ट शिकवून गेला होता. छत्तीसगडात धान होतं आणि ते न्यायला रस्ता नव्हता. म्हणून नागपूर छत्तीसगड रेल्वे निघाली, मीटर गेजची. नागपूरहून निघून ती १८८२ साली राजनांदगावला पोचणार आहे. मध्ये हा डोंगर. घणाचे ठोके ऐकू येतात. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा, प्रत्येक ठोक्याला पहार जराशी फिरवायची. भोक खोल झालं की दारू भरायची आणि सगळ्यांनी पळायचं. तुम्हीही पळा. स्फोटानंतर पहिला शिरतो तो मुकादम नव्हे, दगड वाहणारा. धूर बसायच्या आत त्याला आत जावं लागतं. बाहेर स्लीपरांसाठी झाडं पडतायत, त्यांच्या खाचांतून डिंक ओघळतोय आणि माकडं वरून ओरडतायत. बोगद्यातून जाणाऱ्या त्या मीटर गेजच्या रुळांना उणीपुरी सहा-सात वर्षं मिळाली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, तिनं ही लाईन ताब्यात घेऊन रुंद केली, आणि १८९१ पर्यंत पार आसनसोलला नेली. आज मुंबई-हावडा गाडीत खिडकीशी बसलं की दरेकसा निघून जातं, मोबाईलची रेंज जाते तेवढंच कळतं.

बोगद्यापासून जवळ कचारगड आहे आणि तिथं साल सांगता येणार नाही. गोंड समाजाच्या लेखी ही त्यांच्या धर्माची जन्मभूमी. कथा अशी: काली कंकालीची मुलं डोंगराच्या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर शिळा होती. जंगो रायताड, हिरासुका पाटालीर आणि पारी कोपार लिंगो यांच्या प्रयत्नांनी ती मोकळी झाली, आणि लिंगोनं त्यांना गोत्रांत बांधलं, कुणी कुणाशी सोयरीक करायची ते ठरवून दिलं. गुहेची चढण खडकाळ आहे. आत शिरलात की आवाज बदलतो, छताच्या भगदाडातून उजेड सरळ खाली पडतो. तिथं कंदील लागत नाही. पुरातत्त्वाचं काय ते पुरातत्त्ववाले बघतील. मला मुक्तीच्या कथेची जागा म्हणून ही गुहा अगदी पटते.

या जागेची जत्रा मात्र पुरातन नाही, आणि ते मला फार आवडतं. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली यांच्यासारखे अभ्यासक मूठभर लोकांसोबत इथं येऊ लागले. आज माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चार-पाच राज्यांतून माणसं येतात आणि 'जय सेवा' म्हणत चढण चढतात. त्या दिवशी इथं असाल तर पायात चांगले बूट असू द्या, पाण्याची बाटली भरून घ्या, आणि सात रंगांच्या झेंड्यांमागे लागा. तुमच्या पुढे चालणारी म्हातारी गोंडी बोलते, तिच्या सुनेला छत्तीसगडी येते, नातू हिंदीत काही मागतो. त्यांच्या तिघांच्याही रेशनकार्डांवर वेगवेगळी राज्यं असण्याची शक्यता आहे, पण शिळा कुठं होती हे विचारलं तर तिघं एकच जागा दाखवतील.

सालेकशाहून परतताना आमगावला उतरा आणि लांजी बघून घ्या. लांजीचा किल्ला आणि कोटेश्वर मंदिर बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. कामठ्याच्या घोडेस्वारांनी लांजीचा रस्ता किती वेळा तुडवला असेल. किल्ल्याच्या तटावर वडाची मुळं उतरली आहेत आणि आतली झाडी सावली देते. संरक्षित स्मारकाची पाटी हिंदीत आहे. समोरच्या टपरीवर चहा सांगा, मराठीत सांगितलात तरी चालेल. चहावाला विचारेल, "साखर कमी टाकू का?"